जोगला आम्ही दोघंच

माझ्या नवऱ्याचे किस्से मी सांगायला बसले की मैत्रिणींची हसून हसून पुरेवाट होते. एक सांगून संपेपर्यंत त्याने पुढचा तयार केलेला असतो, त्यामुळे साठा कधी कमीच होत नाही. हसा बायांनो, तुमचं काय जातंय! तुम्हाला तो घरी न्यायचा नाहीये. मला मात्र प्रत्येक किस्सा सांगताना अजून नव्याने राग येतो.

सुधीरला एक खोड आहे. कुठे जायचं ठरलं की समोर जो उभा असेल त्याला हा म्हणणार, "चला ना तुम्ही पण!" मनात असो, नसो. त्यात आम्ही राहतो घडियाळी पोळात, घराला घर चिकटलेल्या जुन्या गल्लीत, तिथे ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. आणि माझी लग्न झाल्यापासून एकच मागणी. एकदा तरी, आयुष्यात एकदा, आपण दोघंच कुठेतरी जाऊ.

*

हनिमूनला अबूला जायचं होतं. सत्यनारायणाला आलेली याची मावशी प्रसाद खाता खाता सहज म्हणाली, अबू काही मी पाहिलं नाही बाई. झालं! हा म्हणाला, चल ना मावशी. मला वाटलं, ती हसून सोडून देईल. तर मावशी बॅग घेऊन स्टेशनवर आमच्याआधी हजर!

सनसेट पॉइंटला एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हा, मध्ये मावशी, आणि तिला थंडी वाजते म्हणून तिच्या अंगावर माझी नवी शाल. आमच्या हनिमूनचा एवढा एकच फोटो आहे. सासूबाईंनी तो हौसेने हॉलमध्ये लावला.

*

एकदा लग्नाच्या वाढदिवसाला मी आठवडाभर आधीपासून बजावून ठेवलं होतं की अलकापुरीत जेवायला जायचं, आणि दोघांनीच. हॉटेलच्या दारातच याच्या बँकेतले साहेब भेटले, सहकुटुंब. पुढचं मी बघितलंच नाही, नुसता टेबलं ओढून जोडल्याचा आवाज ऐकला.

माझ्या शेजारी साहेबांच्या सासूबाई आल्या. सूप येण्याआधी त्यांचा उजवा गुडघा झाला, आइस्क्रीमपर्यंत डावा. घरी आल्यावर कुलूप उघडता उघडता हा म्हणतो, "बरं झालं ना? नाहीतर दोघंच बसलो असतो." त्या रात्री मी याच्याशी एक शब्द बोलले नाही. याच्या ते लक्षातही आलं नाही!

*

जुई, आमची मुलगी, बंगळुरूला नोकरीला आहे. तिने यंदा आम्हाला पाठीवर टाकायच्या दोन सॅक पाठवल्या, जोगच्या धबधब्याजवळची एक खोली बुक केली आणि फोनवर बापाला दम दिला, "बाबा, कोणालाही सांगायचं नाही." काही दिवस त्याने तोंड बंद ठेवलं, मला तर आशाच वाटायला लागली. मग एका सकाळी तो दूध आणायला खाली गेला.

दुपारी खालच्या हर्षाबेन वर आल्या. थेपले किती करू विचारायला. मी म्हटलं, कसले थेपले? तर म्हणे जोगचे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, हर्षाबेन, रागवा, बोलणं टाका, पण तुम्ही येऊ नका.  त्या आत येऊन खुर्चीत बसल्या आणि चक्क सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांना यायचंच नव्हतं. त्यांना घाटात बस लागते, त्यांच्या नवऱ्याला, भरतभाईंना, दुकान बंद ठेवता येत नाही. "पण सुधीरभाई एटला प्रेमथी कहे, ने ना पाडीए तो खोटुं लागे ने!"

म्हणजे बघा, हा बोलावतो ते लोकांना वाईट वाटू नये म्हणून, आणि लोक येतात ते याला वाईट वाटू नये म्हणून! यात माझ्या जन्माचं वाटोळं झालं, त्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती आमच्याकडे कायमची मुक्कामाला आहे. थेपले हर्षाबेननी दिलेच.

*

येणारं कोणी उरलं नाही, तर पिशव्या आल्या. तिकडे जाताच आहात तर एवढं पोहोचवा! माझ्या नणंदेने, कुंदाताईंनी, रत्नागिरीच्या त्यांच्या दिरासाठी भाकरवडी आणि लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, दिला. ती पिशवी माझ्या सॅकमध्ये बसावी म्हणून माझा स्वेटर घरी राहिला.

रत्नागिरीला गाडी थांबली. ते भाऊजी बिचारे घरातल्या चपला घालून प्लॅटफॉर्मवर आले होते. सुधीरने दारातून पिशवी दिली, कुशल विचारलं, गाडीने शिट्टी दिली, आणि याच्या तोंडून निघालंच, "चला ना तुम्ही पण!"

खरं सांगते, त्या भल्या माणसाने पायरीवर एक पाय ठेवला होता! मी सुधीरला सॅकच्या पट्ट्याला धरून आत ओढलं आणि भाऊजींना म्हटलं, घरी सगळ्यांना नमस्कार सांगा. गाडी हलली म्हणून वाचलो.

*

होन्नावरला उतरून बसने जोगला पोहोचलो. पाऊस असा की आमच्याशिवाय कठड्यापाशी कोणी चिटपाखरू नव्हतं. समोर नुसतं पांढरं धुकं, आणि त्याच्या मागे पाण्याचा प्रचंड आवाज. सुधीरने फोन काढला, सगळ्यांना दाखवूया म्हणाला. रेंज नव्हती. मग तो मागे बघायला लागला, रस्त्याकडे, कोणी येतंय का.

मी तिथेच फाडफाड बोलले. मावशीपासून सगळं काढलं. शेवटी म्हटलं, "मी इतकी नकोशी आहे का रे तुला?"

त्याने कठड्यावरचं पाणी बोटाने निपटलं. मग म्हणाला, "नकोशी कसली गं. दोघंच असलो की तुझ्याशी काय बोलायचं, तेच मला सुचत नाही. पहिल्यापासून. भीती वाटते."

 मी अजून रागातच होते. म्हटलं, "मग नको बोलूस. उभा राहा नुसता."

तो उभा राहिला.