जोहरियाच्या आईची हरकत

इनाक जोहरियाच्या हाताला आमच्या वाडीत तोड नव्हती, आणि तोंडाला तर नव्हतीच नव्हती. तिच्या विणकामाचं कौतुक करायला माणसं हौसेने यायची, पण तिच्यासमोर दुसऱ्या बाईच्या कापडाला बरं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

इनाक म्हणजे आई. इथे लोम्बोक बेटावर पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं. हिला मुलगी झाली, जोहरिया, म्हणून ही इनाक जोहरिया. समोरच्या घरातलीला मुलगा झाला, विल्दान, म्हणून ती इनाक विल्दान. दोघी एका वयाच्या, लहानपणी एकाच पेरूच्या झाडावर चढलेल्या, आणि एकाच वर्षी माग कमरेला बांधलेल्या. त्या वर्षापासून हिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. इनाक विल्दान हसली तरी हिला खुपायचं, गप्प बसली तरी खुपायचं. तिचं छप्पर गळलं तेव्हा तेवढं दोन दिवस बरं वाटलं होतं.

वाडीत मुलीचं पहिलं विणकाम वेगळं काढत नाहीत. शिकवणारी बाई आपल्याच कापडात तिला वीतभर जागा देते. कापड मागावरून उतरेपर्यंत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर पोरीच्या हाताला दृष्ट लागते. कापड उतरलं की शिकवणारी पिवळा भात करते, ताट झाकून मुलीच्या आईकडे नेते आणि मग चारचौघांत मुलीचं नाव घेते. पण बहुतेक घरांत आईच शिकवते, त्यामुळे भात या चुलीवरून त्या पाटापर्यंतच जातो.

इनाक जोहरियानेही लेकीला शिकवायला घेतलं होतं. आठवडाभर टिकलं ते. पोर बाणा ओढायची, आई उसवायची. शेवटी ठोकायची फळीच पोरीच्या बोटांवर बसली.

"हात आहेत का ओंडके? अगं, तुझ्या वयात ती समोरची बयासुद्धा तुझ्यापेक्षा बरी विणायची!"

जोहरियाने कमरेचा पट्टा सोडला, नीट गुंडाळून ठेवला, आणि पुन्हा मागाला शिवली नाही. आईनेही विचारलं नाही. आपली पोरगी विणणारी नव्हे, असं तिने एकदाचं मनाशी ठरवून टाकलं.

अशात माताराम शहरातून बू किनासिह आल्या; बू म्हणजे बाई. बाजारात यंत्रावरचं कापड आमच्या वाडीच्या नावाने खपत होतं आणि आमच्या बायका बघत बसल्या होत्या. बू म्हणाल्या, यावर उपाय आहे, ब्लॉकचेन म्हणतात त्याला. नाव ऐकून बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग बूंनी फळा नाही, पुस्तक नाही, पिशवीतून सुताचा गुंडा काढला. मशिदीजवळच्या बेरुगाकवर, म्हणजे खांबांवरच्या उघड्या मांडवात, सगळ्यांना गोल बसवलं.

"तुमचं काम जिच्यावाचून अडतं तिच्याकडे गुंडा फेका. पण आपलं टोक सोडायचं नाही."

"माझी फणी मोडली की मी इनाक विल्दानकडेच जाते," पहिली म्हणाली. दुसरीला खळ तिच्याकडून लागायची. तिसरीचं बाळंतपण झालं तेव्हा तिचा ताणा इनाक विल्दाननेच लावून दिला होता. थोड्या वेळात त्या बाईचे हात सुताने दिसेनासे झाले. बूंनी एकच धागा हलकेच ओढला, तर सगळ्यांच्या बोटांना हिसका बसला. "ही तुमची व्यवस्था," बू म्हणाल्या, "एकीकडे ओढ बसली की सगळीकडे कळते. आधी हे जाळं समजून घेऊ, साखळी मग."

बायका खूश. इनाक जोहरियाचं मात्र जाळ्याकडे लक्षच नव्हतं. ती स्वतःच्या बोटाकडे बघत होती. त्यावर एकच फेरा होता, आणि तोही मेला इनाक विल्दाननेच टाकलेला. "रंग जुळेनात की मी हिला विचारते," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती.

"बाकी कुणाला काही विचारायचं नसतं वाटतं मला?" हिने फणकाऱ्याने विचारलं.

"विचारायचं असतं गं, पण भीती वाटते!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बेरुगाक हसण्याने हलला. हिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या खेपेला बूंनी चिठ्ठ्या वाटल्या. कुणी काय विणलं त्याची तीच ओळ सगळ्यांनी लिहायची, आणि प्रत्येक नव्या ओळीच्या सुरुवातीला आधीच्या ओळीची शेवटची अक्षरं घ्यायची. मग बू म्हणाल्या, आता एकीने गुपचूप आपल्या चिठ्ठीत फेरफार करून बघा. इनाक जोहरियाने कुणी सांगायच्या आत इनाक विल्दानचं नाव खोडलं आणि तिथे आपलं घातलं. सगळ्यांनी एका सुरात वाचायला घेतलं तर हिचा सूर लगेच वेगळा पडला.

"सापडली गं चोर!"

"खेळच होता ना? मग खेळले!" ती म्हणाली. पण एक आहे, साखळी तिला सगळ्यांत आधी समजली. प्रत आपल्या एकटीकडे असती तर लबाडी खपली असती. सगळ्यांकडे आहे म्हणून खपत नाही. हे तिला पटलं आणि आवडलंही, कारण मनात लगेच आलं, म्हणजे तिलाही लबाडी करता येणार नाही.

मग चिठ्ठ्यांच्या जागी सगळ्यांचे फोन आले, आणि नियम ठरवायचा दिवस आला. साखळी तुमची, नियमही तुमचेच, असं बूंचं म्हणणं. लिहिलेलं नंतर पुसता यावं का, यावर चर्चा निघाली.

इनाक विल्दान म्हणाली, "माणूस आहे बाई, चुकतं. रागाच्या भरात काहीबाही लिहिलं जातं. पुसायची सोय असू दे."

तिने हो म्हटलं म्हणून हिने नाही म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं. "वा! म्हणजे उद्या कुणी माझं नाव पुसलं तर? लिहिलं ते लिहिलं. चूक झाली तर खाली नवी ओळ घाला, पण वरची तशीच राहिली पाहिजे. सगळ्यांना दिसू दे कोण चुकलं ते!"

बोलली ती इतकं ठणकावून की हात तिच्याच बाजूने वर गेले. आणखी एक नियम झाला, की कापडावर शंका असेल तर कुणीही हरकत लिहावी, मात्र आपल्या नावानिशी. त्या संध्याकाळी इनाक जोहरियाने जाताना सगळ्यांना तळलेली केळी खायला घातली. इनाक विल्दानला दोन जास्त दिली. हरवल्याचा आनंद असा होता.

साखळीत पहिलं कापड ज्या बाईचं चढेल ती दूरच्या योग्यकर्ता शहरात जाणार होती, बेटाबेटांवरून आलेल्या विणकरणींना हे सगळं समजावून सांगायला. योग्यकर्ताचं इनाक जोहरियाला काही नव्हतं. बसने तिला उलट्या व्हायच्या. पण पहिल्या ओळीत आपलं नाव हवं होतं, कायमचं, कुणाला पुसता येणार नाही असं. रात्रंदिवस तिला तेवढंच दिसत होतं. सगळ्याच जणी भराभर विणायला लागल्या. ही मात्र एक धागा तिरपा गेला की वीतभर उसवायची, म्हणून मागे पडली.

इनाक विल्दानने आपला माग पुढच्या ओट्यावरून उचलून मागीलदारी नेला. झालं, हिला झोप येईना. काय लपवतेय ही? कान सारखे समोरच्या घराकडे. आणि एका दुपारपासून मागीलदारून फळीचा आवाज निराळाच यायला लागला, घाईघाईचा, एका बाजूला जड. तो इनाक विल्दानचा हात नव्हे, याबद्दल तिने पैज लावली असती.

"भाडोत्री बाई ठेवलीय गं तिने," ती जोहरियाला म्हणाली. जोहरिया नुकतीच बाहेरून आली होती, घामेजलेली. हल्ली दुपारी ती मैत्रिणीकडे असायची.

"ठेवली असेल," जोहरिया पाणी पीत म्हणाली. "तुझं काय जातं, इनाक?"

"माझं काय जातं? पहिलं नाव जातं माझं!"

कापड उतरलं ते इनाक विल्दानचंच आधी. तिने ते बेरुगाकवर आणलं तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. सोबत झाकलेलं ताटही होतं. हिने मनात म्हटलं, बघा, अजून नाव चढलं नाही तर मिरवायला मेजवानी घेऊन आली. बूंनी फोनवर ओळ भरायला घेतली, सूत कुणाचं, रंग कुणाचा, विणलं कुणी. आणखी कुणाचा हात लागला, ती पुढची जागा अजून रिकामी होती. इनाक विल्दान म्हणाली, "त्या जागेला थांबा जरा, बू. तिथलं मी नंतर सांगते."

तोवर इनाक जोहरियाने कापडावरून तळवा फिरवला होता. मधोमध येऊन तो थांबला. एक वीत. आत नक्षी साधी, आणि डावी कड दाबून ठोकलेली. तिचा जीव हरखला. सापडलं! महिनाभर ऐकलेला तो जड आवाज हाच. तिने लगेच फोन काढला आणि हरकत लिहिली.

सगळ्यांच्या पदरात, पिशव्यांत फोन एकदम वाजले. प्रत्येकीकडे तीच ओळ आली होती.

"या कापडातली मधली वीत भाडोत्री हाताची आहे. ही फसवणूक आहे. डावी कड अडाण्यासारखी ठोकली आहे. हरकत घेणार, इनाक जोहरिया."

इनाक जोहरियाला वाटलं, आता इनाक विल्दानच्या तोंडचं पाणी पळेल. पण ती हिच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खांबाला टेकून उभ्या राहिलेल्या जोहरियाकडे होती, आणि जोहरिया फोनकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून.

इनाक विल्दानने ताटावरचं केळीचं पान काढलं. खाली पिवळा भात होता.

पिवळा भात म्हटल्यावर आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. हिलाही कळलं, पण ओळ गेल्यावर.

"कुणाची वीत?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तूच लिहिलंस की आत्ता," जोहरिया म्हणाली. "अडाण्याची."

"अगं, मला काय माहीत... तू तर विणत नाहीस..."

"ओंडक्यांनी विणली."

इनाक जोहरिया बूंकडे वळली. "बू, काढा ते. मी लिहिलं ना, मीच सांगते, काढा. कुणी अजून नीट वाचलंही नसेल."

"सगळ्यांनी वाचलंय," बू हळूच म्हणाल्या. "आणि माझ्या हातात नाही ते. नियम तुम्हीच..."

"माहितेय मला नियम कुणाचा ते!" ती ओरडली, आणि मग तिथेच खाली बसली. जोहरियाच्या पहिल्या कामावरची पहिली ओळ आता जन्मभर तीच राहणार होती, आणि तिच्याखाली नाव होतं जोहरियाच्या आईचं.

इनाक विल्दान तिच्याजवळ येऊन टेकली. "तुला सांगणार होते गं. पण उतरेपर्यंत बोलायचं नसतं, तुलाच माहीत आहे. पोरगी स्वतःहून आली होती, म्हणाली, आईला दाखवायचंय." मग कापड हिच्या मांडीवर ठेवलं. "डाव्या कडेची ती खोड सोडवायला मी फार झटले. जाईना. आठवडाभरच तुझ्यासमोर बसली होती, पण हात तुझाच उचलून बसलीय. अगं, लहानपणी तूही अशीच ठोकायचीस, तुझी आई किती ओरडायची! शेवटी म्हटलं, आईचा हात आहे, असू दे."

इनाक जोहरियाने त्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं. खरंच, तिची स्वतःची कड होती. वर्षानुवर्षं उसवून उसवून तिने ती घालवली होती, आणि ती अशी समोर आली तर ओळखता आली नाही. दुसरीचा आवाज ऐकण्यात सगळे कान खर्ची पडले होते.

तिने फोन उचलला. खाली नवी ओळ घातली. "वरची हरकत खोटी आहे. हेवा वाटला म्हणून लिहिली. ही वीत जोहरियाची आहे, माझ्या मुलीची." फोनने पुढचं विचारलं, शिकवणारी कोण?

तिथे अंगठा अडला. खोटं नाही सांगत, तेवढं सगळं होऊनही तिच्या मनात आलं, आपलं घालावं का? आठवडाभर शिकवलं होतंच की. कड तर आपलीच आहे. तिने मान वर केली. जोहरिया बघत होती. तिने एकेक अक्षर दाबून लिहिलं, इनाक विल्दान.

सगळ्यांचे फोन पुन्हा वाजले.

योग्यकर्ताला इनाक विल्दान गेली, आणि मदतीला जोहरियाला घेऊन गेली. तिथे ज्या कुणी त्या कापडाला शिवलेल्या खुणेवर फोन धरला त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, आधी वरची, मग खालची. अजूनही वाचतात.

पण त्या दिवशी मात्र भात तसाच राहिला होता. पहिला घास आईने घ्यायचा असतो, त्याशिवाय बाकीच्यांना हात लावता येत नाही, आणि सगळ्या थांबल्या होत्या. जोहरियाने ताट उचलून आईसमोर धरलं. इनाक जोहरियाने घास तोंडात घातला. हळद बेताची, नारळाचं दूध नेमकं, शीत न् शीत मोकळं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती.

"कसा झालाय?" इनाक विल्दानने विचारलं.

"मेलीला भातसुद्धा चांगला जमतो," ती म्हणाली, आणि दुसरा घास लेकीला भरवला.