सरांची कुजबुज

आमचे सर पेशंटच्या पाठीमागे उभे राहून त्याच्या कानात कुजबुजत, आणि पेशंट भडकला की खूश होत. कान तपासायची ही जुनी रीत. एक कान बोटाने बंद करायचा आणि दुसऱ्यापाशी हळूच काहीतरी म्हणायचं. बाकीचे डॉक्टर आकडे म्हणतात. सरांना ते मान्य नव्हतं. "आकडे माणूस अंदाजाने ठोकून देतो. राग अंदाजाने येत नाही." मग नारायण पेठेत जन्म काढलेल्या आजोबांच्या कानात ते कुजबुजत, "राहायला हिंजवडीच बरी हो." आजोबा खुर्चीत गर्रकन वळून म्हणत, "हिंजवडी? अहो, तिथे माणसं राहतात की बसगाड्या?" सर शांतपणे केसपेपरवर लिहीत, उजवा कान उत्तम.

सर जाऊन आता दोन वर्षं होतील. हे लिहिताना रडायचं नाही असं मी ठरवलंय. रडलं की नाक चोंदतं, आणि चोंदलेलं नाक त्यांना खपत नसे.

मी त्यांच्या हाताखाली आले ती वर्ध्याहून. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणाले, "पेशंट पाहून राहिली, सर." चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "राहा, राहा. पाहून झालं की कळवा." त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी नुसती 'वर्धा' झाले. "अहो वर्धा, इकडे या!" अशी हाक ऐकून पेशंट दचकत. मला सुरुवातीला भारी राग यायचा. आमच्याकडे नव्या माणसाला आधी जेवायला घालतात, आणि इथे आल्या आल्या टोमणा!

चहा मात्र सर स्वतः करून देत. दवाखान्याच्या आतल्या खोलीत शेगडी होती. "चहाला हात लागतो, वर्धा. ऑपरेशनसारखाच," असं म्हणत ते आधण ठेवत. असा फुळकवणी चहा मी उभ्या जन्मात प्यायले नव्हते. कपाचा तळ दिसायचा. पण सिस्टरपासून औषध कंपनीच्या पोरांपर्यंत सगळे एका सुरात "वा, सर!" म्हणत. वाघाला कोण सांगणार तोंडाला वास येतो म्हणून! मीही "वा!" म्हणून दुसरा कप घेई, कारण दुसऱ्या कपाबरोबर सर सकाळच्या ऑपरेशनमधल्या खाचाखोचा समजावून सांगत.

त्यांच्या कपाळावर तो मध्ये भोक असलेला गोल आरसा असे. मागच्या दिव्याचा उजेड त्यातून नाकाघशात टाकून त्यांनी हजारो माणसं बरी केली होती. नाकात घालायची दुर्बीण पुण्यात आली तेव्हा सर म्हणाले, "नाकात कॅमेरा? लग्नाचं शूटिंग आहे का?" कुठलीही नवी गोष्ट आली की आधी तिची यथेच्छ टिंगल करायची आणि मग गुपचूप ती शिकून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. दुर्बिणीचा सराव बोकडाच्या मुंडक्यावर करतात. त्यामुळे अंडंही न खाणारे आमचे सर दर रविवारी कापडी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहू लागले. "नाक तेवढं फोडू नका," असं त्या दुकानदाराला बजावत. बातमी पेठेत पोहोचायला कितीसा वेळ लागणार? वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, आडून विचारलं, "डॉक्टर मटण आणतात म्हणे?" काकू म्हणाल्या, "आणतात. पण शिजवत नाहीत हो. नुसते नाकात बघत बसतात."

पूर्वी गालामागची पोकळी साफ करायची तर वरचा ओठ उचलून हाड फोडावं लागे. पेशंट सुजलेलं तोंड घेऊन कित्येक दिवस पडून राही. दुर्बिणीने नाकातूनच आत जाता येऊ लागलं. असं पहिलं ऑपरेशन झालेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी चालत घरी निघाला, तेव्हा सर त्याला जिन्यापर्यंत सोडून आले आणि म्हणाले, "इतकी वर्षं आपण भिंत फोडून घरात शिरत होतो, वर्धा. दार उघडंच होतं."

कात्रजची एक जन्मतः बहिरी चिमुरडी होती. कानाच्या आत यंत्र बसवायची सोय झाल्यावर सरांनीच तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि यंत्र सुरू करायच्या दिवशी मला घेऊन स्वतः हजर राहिले. पहिला आवाज कानात शिरताच पोरीने भोकाड पसरलं. आईबाप घाबरले. सर मात्र टाळ्या पिटत ओरडले, "राग आला! तिला राग आला!" मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

पुढे एक विचित्रच प्रकार सुरू झाला. सरांच्या कुजबुजीला कुणी चिडेनाच. चांगल्या कानांची माणसं ढिम्म बसून राहत आणि सर केसपेपरवर 'कमी ऐकू येतं' असं लिहीत. एकदा मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मलाही काही ऐकू आलं नाही.

कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहूनही लहान असं एक हाड असतं. ते हलायचं थांबलं की बाहेरचे आवाज आत पोहोचत नाहीत, पण स्वतःचा आवाज डोक्यात मोठा घुमतो. म्हणून असा माणूस फार हळू आवाजात बोलू लागतो. हे मला सरांनीच शिकवलं होतं, दुसऱ्या कपाबरोबर. मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं, "सर, कान बघू द्या." त्यांनी वाचलं आणि हसले. "एक कान कधीच गेलाय. दुसराही निघालाय. वाट बघत होतो, तुम्हाला कधी कळतंय त्याची."

त्या अडकलेल्या हाडाचं ऑपरेशन सरांनी आयुष्यभर बारीक हुकाने केलं होतं, आणि लेझरला 'दिवाळीची रोषणाई' म्हणून हिणवलं होतं. आता म्हणाले, "लेझरने करा. माझ्या हाताला जमायचं त्यापेक्षा ते बरं होतं. आणि तुम्हीच करायचं." यात कान सुधारतो, पण क्वचित कायमचा जातोही. मी हात जोडले. "सर, मला भ्या वाटते. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." ते म्हणाले, "भीती वाटते ना? मग नीट कराल."

भूल फक्त कानापुरती होती. तोंडावर हिरवं कापड, आणि त्याखालून सरांच्या सूचना चालूच. "सर, टेबलावर बोलायचं नसतं," मी जोरात म्हणाले. लेझरने त्या हाडाच्या तळाला भोक पाडलं, आवाज आत ढकलणारा टाचणीच्या टोकाएवढा पिस्टन त्यात बसवला, शेजारच्या हाडाला अडकवला. माझी पाठ घामाने भिजली होती. आता तपासायचं. सिस्टर म्हणाली, "आकडे म्हणा, मॅडम."

आकडे? सरांना?

मी वाकले आणि माझं मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू कुजबुजले, "सर, तुमचा चहा फुळकवणी असतो."

कापड हललं आणि खालून आवाज आला,

"मग इतकी वर्षं दोन-दोन कप कशाला ढोसत होता?"

सिस्टर हसता हसता भिंतीला टेकली. मी हसत होते आणि रडतही होते, आणि मास्कच्या आत माझं नाक पार चोंदलं होतं.

पट्टी बदलायला सर आले ते थर्मास घेऊनच. "आज पावडर दुप्पट घातलीय," म्हणाले, आणि कप भरून माझ्याकडे रोखून बघत बसले. कपाचा तळ दिसत होता. मी म्हणाले, "वा, सर!" आणि दुसरा कप पुढे केला.