बॅटरीवाल्या मामांचा ग्रुप फोटो

शूटिंगच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या मामांना सेटपासून लांबची खोली मिळायची. चार्जर गुणगुणायचे, तेवढीच सोबत. बावीस वर्षांत एकाही ग्रुप फोटोत ते नव्हते.

"बाबा, तुम्ही खरंच तिथे असता ना?" लेक चिडवायची.

या वेळी शूटिंगच्या शेवटच्या दिवशी मामा केस विंचरून फोटोसाठी पहिल्या रांगेत उभे राहिले. पण गडबडीत त्यांनी फोटोच्या दिव्याला लाल पट्टीची, म्हणजे उतरलेली बॅटरी लावली होती. दिवा विझला.

"मामा, पळा!" सगळे हसले.

मामा धापा टाकत भरलेली बॅटरी घेऊन आले. ती सैल बसत होती, म्हणून त्यांनी हाताने दाबून धरली. दिवा लागला.

"आता कुणी हलू नका!" फोटोवाला ओरडला.

दिव्यामागे मामाही हलले नाहीत.