चुलत

भावंडं किती असं कुंदाला कुणी विचारलं, की ती ताठ मानेनं सांगायची, चार भाऊ. वास्तविक बाई आईबापांची एकुलती एक. पण कराडच्या घरात काकांचे चार मुलगे आणि ही एकटी मुलगी, एका पंगतीला जेवून वाढलेली. लहानपणी शाळेत तिनं बाईंना सांगितलं, श्रीरंग माझा चुलतभाऊ. ते आईच्या कानावर गेलं आणि पाठीत असा धपाटा बसला की विचारू नका. चुलत म्हणणं म्हणजे मनातल्या मनात घराच्या वाटण्या करणं, असं त्या माउलीचं ठाम मत होतं. तो शब्द कुंदाच्या तोंडून जो गेला तो गेलाच.

पुढं लग्न झालं आणि वासुदेवरावांच्या नोकरीपायी बिऱ्हाड हॅनोव्हरला आलं. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, सकाळी जायचा तो संध्याकाळी दमूनभागून यायचा. कुंदा एम. ए. हिंदी, पुण्यात शाळेत शिकवलेली. नुसती पोळ्या लाटत बसणाऱ्यातली ती नव्हे. जर्मन शिकली, परीक्षा दिल्या, आणि हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून सरकारी कचेऱ्यांमधून तिला बोलावणी येऊ लागली. लेक अवनी मात्र आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्येच द्यायची. श्रीरंगचा फोन आला आणि कुंदानं "मामाशी बोल" म्हटलं, तर ही टवळी म्हणे, तो तुझा ब्रुडर, म्हणजे सख्खा भाऊ, नाही, नुसता काकाचा मुलगा, कुझें आहे. कुंदा तिच्यावर अशी उखडली की आईचा धपाटा आठवावा.

यार गुल तिला भेटला तो दोन हजार पाचच्या वसंतात, आश्रय मागणाऱ्यांच्या कचेरीत. अफगाण माणूस, ट्रक ड्रायव्हर, दाढीत पांढरे केस डोकावू लागलेले. त्या दिवशी पश्तोचा दुभाषी आजारी पडला होता. यार गुलची बरीच वर्षं पेशावरात गेलेली, उर्दू त्याला चांगली यायची, म्हणून कुंदाला बोलावलं. या चौकशीला तिथं आनहोरुंग म्हणतात. माणसाला आयुष्यात एकदा मोकळेपणानं सगळं सांगायची संधी मिळते, आणि ती दुभाष्याच्या तोंडून.

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या खोऱ्यात राजा गेला, त्यामागून आले तेही गेले, सरकार म्हणावं असं काही उरलंच नाही. रस्त्यावर जो साखळी आडवी लावील आणि बंदूक घेऊन उभा राहील, तोच धनी. तिथल्या साखळीवर जरीन नावाचा माणूस होता. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पट्टी घ्यायचा, भांडणं तोडायचा, कुणाची जमीन कुणाची ते ठरवायचा. लोक त्याला हुकूमतच म्हणायचे. यार गुलनं त्याच्या बंदुका वाहून न्यायला नकार दिला, तेव्हा त्याचा ट्रक जाळला. मग निरोप आला, वैर मिटवायचं असेल तर तुझी मुलगी माझ्या मुलाला दे. पोर तेव्हा दहा वर्षांची होती. यार गुल बायकोला आणि पोरीला सासऱ्याच्या घरी ठेवून निघाला. इथं आश्रय मिळाला की दोघींना बोलावून घ्यायचं, एवढ्याचसाठी त्यानं हा सगळा जीवघेणा प्रवास केला होता.

पोलिसांकडे का नाही गेलात, असं चौकशी करणाऱ्या साहेबानं विचारलं. यार गुल खिन्नपणे हसला. काबूलला नवं सरकार आलं म्हणतात, पण आमच्याकडे पोलिसांची वर्दी जरीनच्याच पोरांना मिळाली.

मग साहेबानं विचारलं, हा जरीन तुमचा कोण. यार गुल आधी आपल्या भाषेत म्हणाला, तर्बूर. कुंदाला तो शब्द कळला नाही, तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, चाचाज़ाद भाई, म्हणजे काकाचा मुलगा. आणि कुंदाच्या जिभेवर जे आलं ते थेट कराडहून आलं. ती म्हणाली, ब्रुडर.

त्यानंतर दुपारभर तो भाई म्हणत राहिला आणि ती ब्रुडर. शेवटी लिहिलेलं सगळं वाचून दाखवायची पद्धत आहे, चूक असेल तर कळावी म्हणून. वाचून दाखवणारीही तीच. तिनं ब्रुडरचं उर्दूत भाई असं वाचलं, त्यानं मान डोलावली आणि सही केली. आज काम अगदी चोख झालं, असं समाधान मानत बाई ट्राममध्ये बसली.

काही महिन्यांनंतरची, पावसाळी हवेतली एक दुपार. स्टेशनमागच्या पाकिस्तानी वाण्याच्या दुकानात कुंदा तूरडाळ घेत होती. यार गुल तिथं चहा पीत बसलेला. तिला पाहून तो अदबीनं उठला आणि म्हणाला, माझा अर्ज फेटाळला, वकील सांगतो त्याचा अर्थच लागत नाही. ते म्हणतात, या देशात आल्या आल्या नोंदणीच्या वेळी तू सांगितलंस की मला भाऊ नाही, आणि नंतर भाऊ आहे म्हणालास, म्हणजे तू खोटारडा. आणि त्या भागात तुझ्या सख्ख्या भावाचंच राज्य असेल तर तुझ्या बायकापोरांना भय कसलं.

"बहनजी," तो म्हणाला, "मेरा भाई कौन सा? मेरा तो कोई भाई ही नहीं."

कुंदाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तर्बूर म्हणजे काय, हे तिनं त्याला तिथंच, वाण्याच्या काउंटरशी उभं राहून विचारलं. तो म्हणाला, काकाचा मुलगा. आणि आमच्याकडे दुश्मनालाही तेच म्हणतात, कारण जमिनीत वाटा मागणारा तोच. अरे देवा! भाऊबंद! मराठीत शब्द होता, अख्खी भाऊबंदकी होती, आणि हिनं काय सांगितलं तर भाऊ. तिला तिथंच रडू फुटलं. चूक माझी आहे, असं तिनं त्याला सांगून टाकलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, तुम्ही हे न्यायाधीशाला सांगाल का.

घरी वासुदेवरावांनी डोक्याला हात लावला. अगं, दुभाषीनं स्वतःच चुकले म्हटल्यावर पुन्हा कोण बोलावणार तुला? त्यांचंही खोटं नव्हतं. कुंदा म्हणाली, "अहो, त्याची पोर अवनीएवढी आहे." वकिलाकडे जाताना तेच गाडी काढून बरोबर आले.

कोर्टाची तारीख लागायला पुढच्या वर्षीचा शरद ऋतू उजाडला. एका शब्दानं एवढे महिने खाल्ले. न्यायाधीश बाई होत्या, स्वभावानं बऱ्या पण काटेकोर. त्यांना हे पटेचना. कुझें आणि ब्रुडर यांत शिकलेली दुभाषी घोटाळा कसा करील? दोन वेगळी माणसं, दोन वेगळे शब्द. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, फ्राऊ दातार, तुम्हाला भाऊ किती?

"चार," कुंदा म्हणाली. सवयीनंच.

"तुमच्या आईचे?"

"आईचा एकही नाही."

बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, मग त्या चौघांना तुमच्या भाषेत काय म्हणतात. कुंदानं सांगितलं, चुलत. शाळकरी वयानंतर पहिल्यांदाच तो शब्द तिच्या तोंडून निघत होता, तोही परक्या देशाच्या कोर्टात, आणि आपण चौघांनाही घराबाहेर काढतोय असं तिला वाटलं. न्यायाधीश म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि लिहून घेतलं.

निकाल यार गुलच्या बाजूनं लागला. बायकोला आणि मुलीला आणायची वाट मोकळी झाली. कुंदाला पुन्हा बोलावणं येणार नव्हतं, ते तिला कळून चुकलं होतं, पण त्याचं दुःख तिनं केलं नाही. दिवाळी तोंडावर आली होती. तिनं बेसनाचे लाडू केले आणि डबा भरून दुकानात गेली.

यार गुल नेहमीच्या जागी बसला होता. चहा निवून त्यावर साय धरलेली. निकाल लागल्यावर त्यानं पेशावरच्या ओळखीच्याकडून घरी निरोप धाडला होता, त्याचं उत्तर आलं होतं. सासरा मागच्या थंडीतच गेला. घरात पुरुष माणूस उरला नाही. जरीनची माणसं पुन्हा दारात आली. बायकोनं वाट पाहिली, पाहिली, आणि उन्हाळ्यात पोरीचा निकाह लावून दिला. जरीनच्या मुलाशी. वैर मिटलं.

डबा कुंदानं तसाच धरून ठेवला होता.

"आपकी ग़लती नहीं थी, बहनजी," यार गुल म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आपने कहा था भाई है. अब बेटी उसके घर में है. अब तो भाई ही कहना पड़ेगा."

कुणी आणलेलं नाकारू नये म्हणून त्यानं डबा घेतला, छातीला हात लावला आणि उठून गेला.

भाऊबीजेला दुपारी श्रीरंगचा फोन आला. दरवर्षी यायचा तसाच, ओवाळणी तुझ्या नावानं ठेवलीय हे सांगायला. कुंदानं रिसीव्हर कानाला लावला, "दादा" म्हणाली, आणि पुढं तिला बोलता येईना. पलीकडून तो हॅलो हॅलो करत राहिला. अवनी खोलीतून बाहेर आली, आईकडे पाहिलं आणि तिच्या हातातला फोन घेतला.

"मामा," ती मराठीत म्हणाली, "आई रडते आहे. तू ठेवू नको हं."