पणजोबाचा जबडा

खंडाळ्याच्या एका प्रोफेसरांना सहा हात लांबीचा बेडूक हवा होता. मी लोकांना बारा हात सांगतो. इथं छापायचं आहे म्हणून निम्मा केला.

घाटात विजेची इंजिनं नुकतीच आली होती तेव्हाची गोष्ट. मी लोणावळ्याचा गवंडी, बावीस वर्षांचा आणि तोंडाळ. "चुन्यात म्हणाल ते करून देतो, ताजमहालसुद्धा संध्याकाळच्या आत," असं बोलून बसलो. प्रोफेसर दगडातल्या जुन्या हाडांचे अभ्यासक. "ताजमहाल राहू दे, हा कर," म्हणाले आणि चित्र पुढं केलं.

माणसाचा पत्ता नव्हता तेव्हाचं ते जनावर. नात्यानं बेडकाचा पणजोबा, अंगानं मगर. डोकं परातीसारखं चपटं, डोळे टाळूवर, पाय असे किरकोळ, की जणू देवानं उरलेल्या मातीत उरकलेले. पिल्लं पाण्यातच वाढायची. मोठं झालं की नदीच्या तळाशी चिखलात पडून राहायचं, मासा तोंडाशी येईपर्यंत. नदीचं डबकं होऊन तेही आटलं की अख्खी जमात तिथंच संपायची. मला फार वाईट वाटलं, कारण पडून राहणं हा माझाही स्वभाव.

प्रोफेसरांच्या बंगल्याच्या कोरड्या हौदात विटा रचून चुना चढवला. अंग झकास जमलं. पण तोंड उघडं दाखवायचं होतं, आणि पोट तर तळाला टेकलेलं. मग खालचा जबडा जाणार कुठं? तिरपा करून लोंबवला, तर पडला. तीनदा पडला. तिसऱ्यांदा असा पडला, की खाली कर्जतला लोक दरड कोसळली म्हणून घराबाहेर आले.

वडील मावळातले नावाजलेले गवंडी. ते येऊन बघून गेले. "आयतवारपर्यंत जमलं न्हाई, तर थापी मला दे आन् म्हशींमागं जा. तितं तुजी बडबड ऐकून घेतील."

शनिवारी दुपारी बंगल्यात स्वयंपाक करणारी मावशी भाकरीचा डबा घेऊन आली.

"काय रं, मेला का तुजा बेडूक?"

"त्याचं तोंड उघडत न्हाई, मावशी."

"तुजं मिटत न्हाई, त्याचं उघडत न्हाई. जोडी बरी हाय." तिनं डबा हौदाच्या काठावर ठेवून उघडला. "आरं, पर खालचा जबडा कशाला हलवतोस? डब्याचं बूड कदी हलतं व्हय? झाकन उचल की!"

व्हरांड्यातून प्रोफेसर अनवाणी धावत आले. चित्रातला मानेचा सांधा पुन्हा पुन्हा पाहिला. "अहो बाई, असंच असेल! डोकं वर उचललं की पाणी आत खेचलं जाणार, आणि पाण्याबरोबर मासा!"

"आसंल. भाकरी गार होतीया," मावशी म्हणाली.

मी डोकं मानेपाशी कापलं, टेकू देऊन वर उचललं आणि पुन्हा सांधलं. रविवारी वडील हौदात उतरले. त्या उघड्या तोंडाकडं हात नेला आणि झटकन मागं घेतला.

"कुनाची अक्कल ही?"

"माझी," मी म्हणालो.

मावशी तिथंच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण एक अक्षर बोलली नाही. वडील म्हणाले, "उद्या आंबीला यायचं. हिरीचं काम हाय."

ती विहीर मी बांधली, आणि तिच्यानंतर कितीतरी. प्रोफेसरांनी मला कोट्यवधी वर्षांपूर्वीची नदी दाखवली, त्यांचे उपकार मोठे. पण माझ्या हातात थापी राहिली ती मावशीच्या तीन वाक्यांमुळं, आणि चौथं वाक्य तिनं गिळलं म्हणून. अक्कल तिची होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.