क्लचबाईने दिलेला शब्द

ड्रायव्हिंग शाळेत तिला सगळे क्लचबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला जादा ब्रेक ठेवायचा आणि समोरचा कितीही चुकला तरी आवाज चढवायचा नाही, हा तिचा खाक्या. ओरडलं की माणूस हातपाय गाळतो आणि पुढची चूक लपवतो. म्हणून ती मुकाट ब्रेक दाबायची आणि विचारायची, "हं, काय दिसलं नाही?" कुणी गाडी भिंतीला घासली, तर त्याला त्याच दिवशी पुन्हा स्टिअरिंगवर बसवायची.

बारा वर्षांच्या लेकीला पहिला फोन दिला तेव्हाही तिने हेच धोरण ठेवलं. अनोळखी माणसाला फोटो नाही, पत्ता नाही, झोपताना फोन आईकडे, हे नियम होतेच. पण एक शब्द तिने स्वतःही दिला. "काहीही चुकलं आणि तू येऊन मला सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही. लपवलंस तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

आणि एका रविवारी दुपारी लेकीने खरंच सांगितलं. गेममधली तिची मैत्रीण मैत्रीण नव्हतीच, कुणी बाप्या होता. गोड बोलून त्याने फोटो मागितला, हिने गणवेशातला पाठवला. आता तो म्हणत होता, मी सांगेन तसले आणखी पाठव, नाहीतर याच फोटोत काहीबाही जोडून तुझ्या शाळेत वाटतो.

क्लचबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन भिंतीवर आपटावासा वाटला, खोटं कशाला बोला? पण पोरगी समोर उभी होती. तिने लेकीला जवळ ओढलं. "सांगितलंस ते फार बरं केलंस. लाज त्या मेल्याला वाटली पाहिजे, तुला नाही." मग दोघींनी त्याच्या एकेका मेसेजचे स्क्रीनशॉट पोलिसांना दाखवायला काढून ठेवले आणि त्याला ब्लॉक केलं. उत्तर म्हणून चकार शब्द धाडला नाही.

हे सासूबाईंनी ऐकलं होतं, म्हणजे वरच्या मजल्यावर पोचलंच. थोरले दीर तरातरा खाली आले. मागोमाग त्यांची दहावीतली मुलगी, लेकीची ताई, येऊन दारात थांबली.

"तो फोन आण इकडे, हातोडीने ठेचतो," दीर म्हणाले. "आमच्या हिला मी बजावूनच ठेवलंय, असलं काही कानावर आलं तर फोन बंद आणि शाळाही बंद. म्हणून तर सरळ आहे."

"फोन तिच्याकडेच राहील, भावोजी. मी शब्द दिलाय."

"एवढ्याशा पोरीला कसला शब्द? आणि पोलिसांत जायचं खूळ डोक्यातून काढ. गावभर बोभाटा होईल."

"होऊ दे की. बोभाट्याला त्याने घाबरायचं, माझ्या पोरीने का? शाळेतही उद्या मीच जाऊन सांगणार आहे. मग कशाची धमकी देतो ते बघतेच."

"माझ्या घरात राहून मला उलट बोलतेस?"

"घर तुमचं असेल. पोर माझी आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. थोरल्यांपुढे या घरात आजवर कुणी ब्र काढला नव्हता. क्लचबाईने सगळ्यांदेखत फोन लेकीच्या हातात ठेवला.

लेकीने वळून दारातल्या ताईकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी लागली, पण खोली इतकी गप्प होती की सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"आई, तो ताईलाही छळतोय. कधीपासून. काका शाळा बंद करतील म्हणून ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

ताई दारातच मटकन खाली बसली. दीर तिच्याकडे वळले, त्यांचा हात वर गेला, आणि क्लचबाई मध्ये जाऊन उभी राहिली.

"आवाज नाही, भावोजी. आज ओरडलात तर ही तुम्हाला जन्मात काही सांगणार नाही."

हात खाली आला. क्लचबाईने वाकून ताईला उठवलं, तिचे डोळे पुसले, दोघी पोरींना चपला घालायला लावल्या. पोलीस चौकी दोन गल्ल्या पलीकडे होती.

"मी येऊ का?" दीरांनी विचारलं. त्यांचा एवढा खालचा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

"मला नका विचारू," क्लचबाई म्हणाली. "तिला विचारा."