अंगठा सोडून कुठलंबी बोट

धुई एवढी दाट पडली होती, की भालकीजवळच्या मेहकरच्या शिवारात तुरीचा पिवळा फुलोरासुद्धा दिसेना. म्हाळसाबाई शेरडांच्या खोपटातल्या लेंड्या झाडून पाटीत भरत होती. खराटा चालत होता, पण कान ओसरीकडं होते. तिथं तिचा लेक नागराज फोनचं खोकं फोडत बसला होता. कलबुर्गीला कामाला असलेला लेक सणसूद नसताना पुन्हा आला, तेही फोन घेऊन, हेच तिला खटकत होतं.

"बघ अव्वा, तुझ्या चंचीत मावतंय. पानसुपारीसंगं ठेव. चार्जिंग दोन दिस टिकतंय. सिम बी घातलोय. आवाज तर असला, की शेरडं बी ऐकतील."

"शेरडांचं सोड. मला हे फुकट कामून द्यायलास?"

"माय हाईस म्हणून."

"मागल्या साली बी मायच होते की."

नागराज हसला. "ह्या बाजूच्या बटनावर अंगठा ठेव. उचल. परत ठेव. धा-बारा डाव. मग तुझ्याबिगर हे कुणालाच उघडत न्हाई."

खराटा थांबला. तिच्या सासऱ्यानं भालकीच्या हॉटेलात चहा पीत एका कागदावर अंगठा दिला आणि ओढ्यापलीकडचं रान गेलं. तेव्हापासून या घरात अंगठा द्यायचा तर चौघांसमोर, कागद दोनदा वाचून घेऊन, आणि मग बोट राखेनं घासायचं. उरला होता दीड एकर माळ, तिच्या नावावरचा, शेरडांच्या चाऱ्याचा. आणि पंधरा दिवसांमागं याच लेकानं फोन हातात धरून माळाच्या कडेकडेनं फेरा मारला होता, कुणाशी तरी कन्नडात हळू बोलत. कन्नड तिलाही येत होतं, पण वारा उलटा होता.

एका कागदाला एक अंगठा लागतो. इथं बारा!

"आण इकडं." तिनं फोन पदराखाली घेतला आणि बटनावर डावी करंगळी ठेवली. करंगळीपायी कुणाचं रान गेल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. फोन बारा वेळा थरथरला.

दुपारी ती घोंगडीवर डोळे मिटून पडली. थोड्या वेळानं नागराज उशाशी येऊन बसला. त्यानं तिचा उजवा अंगठा हळूच धरून बटनावर टेकवला. फोन उघडेना. परत टेकवला.

"निजल्या मायचा अंगठा घेतोस व्हय रे?"

तो दचकला. "माझा नंबर घालायचा ऱ्हायला होता, अव्वा. तुझी झोपमोड कामून म्हणून..."

"आन् माळ कामून मोजलास?"

नागराज घोंगडीची लोकर उपटायला लागला. "आळंदचा एक जमिनीचा एजंट माळ इकता का म्हणून इचारायलाय. मी व्हय म्हणलो न्हाई."

"न्हाई म्हणलास?"

"न्हाई बी म्हणलो न्हाई."

म्हाळसाबाईनं फोन पदराखाली नेला. बाहेर काढला तेव्हा तो उघडा होता. "घाल तुझा नंबर. मग त्याला लाव. आवाज मोठा ठेव, शेरडांना बी ऐकू दे."

नागराजनं लावला. तिकडून "हां, बोला" आलं. त्यानं मायकडं पाहिलं. "कोडल्ल, अण्णा. देणार न्हाई. अव्वाचं रान हाय."

फोन ठेवून तो म्हणाला, "कुठलं बोट दिलीस गं?"

"अंगठा सोडून कुठलंबी."

तिनं फोन चंचीत कोंबून नाडी आवळली. चुलीतली चिमूटभर राख घेऊन उजवा अंगठा घासला, लेकाचा भरवसा धरूनही दोनदा घासला. मग काठी घेऊन खोपटाचं फाटक उघडलं आणि शेरडं माळाकडं हाकलली.